काचेच्या कपाटातली सीडी

ओसाकाच्या त्या बँडचं वेड आमच्या कुओपिओ शहरात पहिल्यांदा मला लागलं. आमच्या फॅन क्लबातल्या हेन्रीकाला त्यांचं नाव कळलं तेही माझ्याकडूनच. नवा अल्बम त्यांनी फक्त सीडीवर काढला, आणि इंटरनेटवरून चोरून काही उतरवायचं नाही हा आमच्या क्लबचा नियम. मग मी जपानहून सीडी मागवली आणि अडीच महिने टपालपेटीवर डोळे लावून बसले.

सीडी आली ती सीलबंद, कडेला कागदी पट्टी लावलेली. ती पट्टी फाटली की संग्राहक अशा सीडीला विचारत नाहीत. म्हणून मी ती न उघडता काचेच्या कपाटात ठेवली आणि क्लबच्या बाकी नऊही जणींना घरी कॉफीला बोलावलं.

हेन्रीकाने कपाटात डोकावून पाहिलं. "छान आहे गं! मी आपल्या लायब्ररीला अर्ज केला, तर त्यांनी विकतच घेतली. गेले चार दिवस माझ्याकडेच आहे. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी तो गायक कसला हसतो, ऐकलंस ना?"

"ऐकलं की."

"सील न फोडता? काचेला कान लावून?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फुकटात आणलेली सीडी, आणि तोरा बघा बाईचा!

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप लायब्ररीत गेले आणि त्याच सीडीसाठी नाव नोंदवलं.

"थांबावं लागेल हं," काउंटरवरची बाई म्हणाली. "तुमच्या आधी आठ जणी आहेत. सगळ्यांनी कालच संध्याकाळी नावं दिली."