चुरगळलेले तीस तुकडे

हौसाबाईनं निखाऱ्यांनी भरलेला तांब्या तिसाव्या तुकड्यावरून फिरवला आणि तो बाकीच्यांवर नीट रचून ठेवला. वीतभर कापड, त्यात तांब्याची बारीक तार शिवलेली. नात समीक्षा म्हणाली होती, हा अँटेना आहे. आजारी माणसाच्या सदऱ्याला लावला की छातीचे ठोके दूरच्या डॉक्टरला कळवतो. एवढी मोलाची वस्तू, अन् पोरीनं ती बोळा करून ठेवावी? मंगरूळपीरच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या हौसाबाईच्या पातळावर आजवर कुणी एक चुणी पाहिली नव्हती.

समीक्षा न्हाऊन आली, तुकडे पाहिले आणि वरचा तुकडा उचलून उलटसुलट करून पाहिला.

"आजी, हे काय केलं तुनं?"

"काय केलं म्हंजे? एवढी शिकली, अन् कापडं पायपुसन्यावानी."

"त्या चुण्याच मोजाच्या होत्या मले. निंदणाऱ्या बायांनी आठ दिवस अंगावर वागवले होते. परवा कॉलेजात दाखवाचे हायेत."

"चुण्या मोजून काय भेटते?"

समीक्षानं डोळे पुसले. "अंगावरचं कापड कवा, कुठं मुडपन, कोनाले सांगता येते? म्हणून ढीगभर चुण्या पाह्याच्या. हरेक चुणीनं संदेश किती बिघडते ते मोजाचं. मंग सांगता येते, शंभरातून किती बखत अँटेना दगा देईन."

दहा झाडांची पानं उलटून पाहिली की साऱ्या वाफ्यात कीड किती, हे हौसाबाई तिथंच सांगत असे. तिला पोरीचं काम तेवढ्यावरून कळलं. पण चूक झाली म्हणणं तिच्या जिभेला ठाऊक नव्हतं. तिनं सुईत दोरा ओवला आणि तीसच्या तीस तुकडे अंगावरच्या पातळाला टाचले. पदराला, निऱ्यांना, कमरेपाशी.

"एकटीनं नाही होनार, आजी."

"दहा बायांचं काम एकटीनं केलं म्या. तू पाह्य."

दिवसभर ती वांगी तोडत राहिली, ओच्यात भरत राहिली, त्याच पातळात निजली. सकाळी तेच नेसून बाजारात आली.

शेजारी मिरच्या विकणाऱ्या बेबीताईनं तिला वरून खाली न्याहाळलं.

"हौसाबाई, आज तांब्या हरपला का तुमचा?"

आणि तिनं पदर सरळ करायला हात पुढे केला. हौसाबाईनं मनगट धरलं.

"राहू दे. माह्या नातीनं मोजल्याबिगर यातली एक चुणी मोडाची नाही."

मग ती वांग्यांच्या ढिगावर गरजेपेक्षा जरा जास्तच वाकली.