रामनगरची अष्टमी

शहाण्णव साली मी दहावीत शाळेत पहिली आले, तेव्हा पुण्याच्या विश्वजीतदादानं मला डिजिटल डायरी पाठवली. तळहाताएवढी, काळी, चकचकीत! फोन नंबर, तारखा, गजर, सगळं तिच्यात. गंगेकाठच्या आमच्या बालाजी घाटावर तसली वस्तू कुणाकडेच नव्हती. तीन दिवसांत मला तिचं प्रत्येक बटण पाठ झालं आणि चौथ्या दिवशी मी नरहरकाकांकडे वळले.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. जलतरंग वाजवतात. चिनीमातीची सोळा वाडगी, त्यांत कमीजास्त पाणी, हातात दोन काड्या. वाजवणारे आता थोडेच, बोलावणारे त्याहून थोडे. तरी कार्यक्रमांची एक वही होती. प्रत्येक पानावर दोन रकाने: डावीकडे मराठी तिथी, उजवीकडे इथली हिंदी.

"एकच दिवस दोनदा कशाला लिहिता, काका?"

"सवय गं, देवयानी."

"मग बदला सवय! तुम्ही फक्त वाजवा. लक्षात ठेवायला मी आहे ना, तुमची सेक्रेटरी."

"फुकट?"

"छे! जिलबीवर."

काका खो खो हसले. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर दिसेनासं झालंच होतं. त्यांनी वही माझ्या हातात दिली. दोनचार पुढच्या तारखा मी डायरीत उतरवल्या आणि वही रद्दीत घातली. किती ऐटीत घातली!

दिवाळी झाली आणि नदीपलीकडच्या रामनगरहून मोहनबाबूंचं हिंदी पत्र आलं. काकांचे हे चाळीस वर्षांचे श्रोते. डोळे मिटून ऐकायचे, पण सूर जरा हलला की एक भुवई वर. हल्ली गुडघ्यांमुळे नदी ओलांडत नव्हते. त्यांनी लिहिलं होतं, अगहन बदी अष्टमीला चार वाजता या. मग मुलगा मला कायमचं कानपूरला नेतो आहे. जाण्याआधी तुमचा तो दुपारचा राग, मुलतानी, एकदा ऐकायचा आहे.

मी ते काकांना थेट मराठी करूनच वाचून दाखवलं, "मार्गशीर्ष वद्य अष्टमी." स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरवर बोट फिरवलं. "एक जानेवारी! काका, नव्या वर्षाचा पहिला दिवस!" टुकटुक नोंद केली, चारचा गजर लावला. उत्तरही मीच लिहिलं: काका जरूर येतील. त्यात तारीख घालायची गरजच वाटली नाही मला.

काका दीड महिना मुलतानी घोटत होते. "त्या भुवईची भीती वाटते बघ," म्हणायचे.

एक तारखेला वाडगी रजईत गुंडाळून आम्ही नावेनं रामनगरला पोचलो. मोहनबाबूंच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या चाची बाहेर आल्या.

"अब आए हैं, पंडितजी? बाबूजी तो कानपुर गए. अष्टमी को दिन भर दरवाज़े पर बैठे रहे."

"अष्टमी तो आज है, चाची," मी म्हटलं. ठसक्यात म्हटलं.

"आज पूस बदी है, बिटिया. अगहन तो कब का गया."

काकांनी डोळे मिटून घेतले. मग मला कळलं. आमचा मराठी महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात इथलं महिन्याचं नाव आमच्यापेक्षा एक महिना पुढे असतं. त्यांची अगहन बदी म्हणजे आमचा कार्तिक वद्य. इथंच जन्मलेल्या मला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. घरी एक कॅलेंडर, बाहेर दुसरं, हे रोजचंच. म्हणून तर वहीत दोन रकाने होते.

"कुछ बोले?" काकांनी विचारलं.

"आपके प्यालों के लिए गंगाजी से पानी मँगवाकर रखा था. शाम को खुद ही तुलसी में डाल दिया. बोले, नाव नहीं मिली होगी."

तेवढ्यात माझ्या पिशवीत डायरी वाजायला लागली. चार वाजले होते.

"बंद कर ते," काका म्हणाले. पाठ असलेलं बटण मला सापडेना. वाजत राहिली ती, कुलपासमोर.

चाचींकडे कानपूरचा पत्ता नव्हता. परतताना नावेत मी म्हटलं, "काका, रागवा ना मला."

"रागावलो तर त्यांना ऐकू जाणार आहे का?"

मग म्हणाले, "ती वही आहे का गं कुठं?"

"रद्दीत गेली," मी म्हटलं. त्यांनी रजई नीट केली, आतली वाडगी एकमेकांवर आपटत होती.

आता मी नवी वही आणली आहे, दोन रकाने आखून. काका रियाज करतात, पण चार वाजले की काड्या खाली ठेवतात. मुलतानीची वेळ होते, आणि ते वाडग्यांतलं पाणी एकेक करून तुळशीत ओततात.