गिळलेला घोट

मारेनने हार्टविगची वाइन गिळली.

तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण वाइन चाखत फिरणारा माणूस घोट तोंडात घोळवतो आणि बादलीत थुंकतो. दिवसात वाइनची पाच-सहा तळघरं करायची तर दुसरा इलाजच नाही. मारेन तर याच विषयाची पदवी घेऊन आलेली. गेली दोन वर्षं ती माझ्यावर प्रेम करते आणि माझी वाइन थुंकते. दोन्ही अगदी नियमित.

जूनमधल्या त्या शनिवारी आम्ही मोझेल नदीच्या काठाने एकेक तळघर करत चाललो होतो. मारेनला त्यातलं एक सांभाळायला घ्यायचं होतं. कुणाचं, ते ती सोमवारी सांगणार होती. यादीत आमचं तळघर होतं, आणि पलीकडच्या काठावरच्या हार्टविगचंही होतं. तळघर जिथे, तिथे मारेन, दिवसाचे बारा तास. हार्टविग एकटा राहतो, दारातून आत येताना त्याला वाकावं लागतं आणि त्याला स्वयंपाक येतो. यातली एखादीच गोष्ट असती तर मी सहन केली असती.

पहिल्या चार तळघरांत ती थुंकली. सुंदर थुंकते. बारीक धार, बरोबर मधोमध. पाचवं हार्टविगचं. त्याने गेल्या वर्षीची रीसलिंग, म्हणजे इथली पांढरी वाइन, ओतली. मारेनने घोट घेऊन डोळे मिटले. मी बादली तिच्या हनुवटीखाली धरली. धरूनच राहिलो. तिचा गळा एकदा खालीवर झाला.

"हं," ती म्हणाली.

"हं," हार्टविग म्हणाला आणि हसला.

इतकं अश्लील संभाषण मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "का गिळलीस?"

"काय?"

"त्याची वाइन."

"आन्सगार, वाइन आहे ती. पितात."

"माझी नाही पीत."

"तुझ्याकडे मी काम म्हणून चाखते."

"आणि त्याच्याकडे काय म्हणून?"

"तू गाडी बघून चालव. नदी डावीकडे आहे आणि आपण तिच्यात चाललोय."

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे येणार होती. सकाळी उठून मी घरातल्या सगळ्या बादल्या लपवल्या. एकूण सात. शिवाय दोन फुलदाण्या आणि एक घमेलं.

"अरे, माझं पाय बुडवून बसायचं घमेलं कुठंय?" बाबांनी विचारलं.

"आज रविवार आहे, बाबा. पायांनाही सुट्टी द्या."

"ते पोस्टमन येणार आहेत ना आज?"

हे मी विसरलो होतो. कोलोन शहरातल्या निवृत्त पोस्टमन लोकांचं एक गायकमंडळ त्या दिवशी चव घ्यायला येणार होतं. बत्तीस जण आले. बादली दिसेना, म्हणून सभ्य माणसांनी अकराच्या अकरा वाइन गिळल्या. चौथीपर्यंत ते सुरात गात होते. नवव्या वाइनला चार वेगवेगळी गाणी चालू झाली. अकराव्या वाइननंतर जुनी सवय जागी झाली. त्यांनी आमच्या बाटल्या उचलल्या आणि घर नंबर बघून गावात वाटायला निघाले.

या गडबडीत मारेन आली. मी सगळ्यात चांगली बाटली उघडली. तिने घोट घेतला, घोळवला आणि इकडेतिकडे पाहिलं.

"नाहीये," मी म्हणालो. "एकही नाहीये. काय चमत्कार आहे बघ."

तिने माझ्याकडे पाहिलं. गाल फुगलेले. दुसऱ्याच्या जमिनीवर थुंकणं आमच्याकडे शिवी दिल्यासारखं असतं, म्हणून ती दाराबाहेर पडली आणि पुलाकडे चालू लागली. मी मागे.

"गिळ ना! एकदाच! मी कुणाला सांगणार नाही!"

ओळखीच्या बायका हाक मारत होत्या, ती मान हलवत होती. पुलाच्या मध्यावर ती कठड्यावरून वाकली, पण नेमके खालून पाद्रीबुवा होडीतून चालले होते. ती तशीच पुढे निघाली.

पलीकडच्या काठावर हार्टविगने एकही प्रश्न न विचारता बादली पुढे केली. माझी सगळ्यात चांगली वाइन त्याच्या बादलीत पडली. त्याने आत डोकावून वास घेतला.

"द्राक्षं लवकर काढलीस का रे?"

बादलीत बघून! त्या बादलीत मला त्याचं डोकं घालावंसं वाटलं.

"लवकरच," मारेन तोंड पुसत म्हणाली. "दोन आठवडे तरी. त्याच्या आदल्या वर्षीसुद्धा."

"थंडी पडली असती तर?" मी म्हणालो.

"थंडीबिंडी काही नाही. याचे मजूर समोरच्या उतारावर चढलेले दिसले की तू कात्री घेऊन पळतोस. याच्या उताराला दिवसभर ऊन आहे, याची तयार असतात. तुझी नसतात."

हे खरं होतं. तो काढतोय आणि मी नुसता बसलोय, असं लोकांना दिसेल याची मला दर वर्षी भीती वाटते.

"मला वाटायचं, मला बघून तुला हुरूप येतो," हार्टविग मायेने म्हणाला. ती माया सगळ्यात वाईट.

"हार्टविग, तुझ्या वाइनमध्ये मला करण्यासारखं काही उरलेलं नाही," मारेन म्हणाली. "थुंकायचीच होती, पण विसरले. आन्सगारच्या वाइनमध्ये मात्र कामच काम आहे. मी त्याचं तळघर घेते. अट एकच. द्राक्षं मी सांगेन तेव्हाच निघतील."

मला आनंद व्हायला हवा होता. मी विचारलं, "म्हणजे याची चांगली आहे?"

"हो."

"किती चांगली?"

"आन्सगार."

"नुसता अंदाज सांग."

"घरी चल."

ऑक्टोबरच्या सात तारखेला हार्टविगचे मजूर समोरच्या उतारावर चढले. माझे पाय आपोआप दाराकडे वळले. दारात खुर्ची टाकून बाबा बसले होते, आणि सगळ्या कात्र्या त्यांच्या मांडीखाली होत्या. मारेनने दारालगतच्या आमच्या वेलीवरचा द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "अजून सोळा दिवस."

पलीकडून हार्टविगने मला पाहिलं. त्याने डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हात हलवले. मारेनने माझ्या कोपराला ढोसलं. मीही हात हलवला. या मळ्यात इतकं कष्टाचं काम मी आजवर केलेलं नाही.