चाळीस दिवसांचा गठ्ठा

मी एकशे बारा पानांचा, पांढऱ्या सुतळीनं बांधलेला गठ्ठा. मला पुस्तक म्हणू नका. पुस्तकाला पुठ्ठा असतो, त्यावर किंमत छापलेली असते. माझ्या पहिल्या पानावर एवढंच लिहिलंय : ‘बँक लेखी परीक्षा. चाळीस दिवसांचा खास वर्ग. वर्गाबाहेर देऊ नये.’ आणि माझं जवळजवळ सगळं आयुष्य वर्गाबाहेरच गेलं.

माझा जन्म सोलापुरात, एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत झाला. साल एकोणीसशे बाहत्तर, उन्हाळ्याचे दिवस. महांतप्पा सर मेणकागदावर लोखंडी लेखणीनं अक्षरं कोरायचे, तो कागद सायक्लोस्टाईलच्या रुळावर चढवायचे आणि दांडा फिरवायचे. सकाळी शिकवणं, दुपारी छपाई, संध्याकाळी पुन्हा शिकवणं, माणूस एकटाच. सतराव्या पानाची पहिली प्रत बाहेर आली तेव्हा त्यांची नजर अडली. “अरे, हे चुकलं की,” ते पुटपुटले. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. नवा मेणकागद कोरायचा म्हणजे तासभर मोडणार. “वर्गात सांगू,” असं स्वतःशीच म्हणत त्यांनी दांडा फिरवणं चालू ठेवलं.

तेव्हापासून मला चैन नाही. पोटात चूक घेऊन जगायचं आणि तोंड मात्र नाही, ही अवस्था कुणाच्या वाट्याला येऊ नये.

माझा पहिला मालक रामलिंग. तुळजापूरचा. देवळाच्या वाटेवर त्याच्या वडिलांचं हळदीकुंकवाचं आणि कवड्यांच्या माळांचं दुकान होतं. वडिलांनी तीनशे रुपये फी भरून त्याला वर्गात घातलं, वर सोलापुरात राहण्याजेवण्याचा खर्च. खोलीत शंभर पोरं दाटीवाटीनं बसायची. रामलिंगला जिन्याजवळची जागा मिळाली. खालच्या गल्लीत मागांचा खडखडाट दिवसभर चालू असायचा, त्यात सरांचं निम्मं बोलणं विरून जायचं. सतराव्या पानाची दुरुस्ती सरांनी सांगितली. पण ती जिन्यापर्यंत पोचलीच नाही. रामलिंगनं त्या चुकीच्या उत्तराखाली तांबड्या पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या आणि बाजूला लिहिलं, ‘महत्त्वाचे’.

तो परीक्षेला बसला आणि नापास झाला. निकालाचं पत्र त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि मला कवड्यांच्या पोत्यामागं. वडील दर आठवड्याला विचारायचे, “लागला का निकाल?” तो म्हणायचा, “लागायचाय अजून.”

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. देवीला येणाऱ्या गाड्याही रिकाम्या येऊ लागल्या. दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून रामलिंग सोलापूर रस्त्यालगत चाललेल्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर हजेरी कारकून झाला. तिथं दुसरी हजेरी कारकून होती अयोध्या. एकवीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, बौद्ध वस्तीतली मुलगी. तिची आई मालनबाई त्याच कामावर खडी फोडायची. रोज सकाळी लेक आईचं नाव पुकारायची आणि आई चारचौघींसारखीच “हाजर” म्हणायची.

बँकेची जाहिरात पुन्हा आली, तसं अयोध्यानं रामलिंगला विचारलं, “भाऊ, त्यो सोलापूरचा वर्ग चांगला हाय का?”

“वर्गाबिगर काय खरं न्हाय,” रामलिंग म्हणाला. दुसरं काय म्हणणार? वडिलांचे पैसे गेले होते.

“मग मला तुमच्या नोट्स चार दिवस द्या. बघते आधी.”

असा मी अयोध्याच्या घरी आलो.

घर लहान. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, दारात दोन शेळ्या. वडील आबाराव ढोकीच्या साखर कारखान्यावर राखणदार. महिन्याकाठी एकदा यायचे. मालनबाईनं मला हातात घेऊन वजन अजमावलं आणि म्हणाली, “एवढ्या कागदाचं तीनशे?”

“माय, ह्ये नुसतं कागद. वर्ग निराळा.”

“मग जा की. शेळ्या इकू. चारा तरी कुठं हाय त्यास्नी?”

“चाळीस दिवस सोलापुरात राहायचं म्हंजे हजेरीचं काम सुटंल. त्या जागंवर उद्या दुसरं कुणी बसंल. आन परीक्षेत न्हाय झालं तर?”

“न्हाय कसं व्हईल? दीक्षा घेतली तवा माज्या बानं सांगितलंय, पोटाला चिमटा घ्या पर शिकणं थांबवू नका.”

“शिकणं न्हाय थांबवत म्या. वर्ग घ्यावा का न घ्यावा, तेवढंच इचारात हाय.”

तीन दिवस ती माझी पानं उलटत राहिली. जेवताना, पाण्याच्या टँकरची वाट बघताना, हजेरी संपल्यावर मुरमाच्या ढिगाऱ्यावर बसून. कधी पटापट उलटायची, कधी एकाच पानावर थांबून नखं चावत राहायची. तिच्या बोटांची घालमेल मला कळायची. निम्म्या पानांवर वर्तमानपत्रातून उतरवलेल्या बातम्या, काही पानांवर शाळेच्या अंकगणितातलीच उदाहरणं. हे तर मला येतंच, असं तिला वाटायचं. आणि मग दुसऱ्याच क्षणी भीती : येतं असं वाटणाऱ्यांचीच फजिती होत असेल तर?

चौथ्या दिवशी ती सतराव्या पानावर थांबली. पंधरा मजूर एक चर बारा दिवसांत खणतात, तर वीस मजूर किती दिवसांत खणतील? उत्तर : सोळा दिवस.

अयोध्या हसायलाच लागली. खडीच्या ढिगावरून मालनबाईनं विचारलं, “काय झालं गं?”

“माय, पंधरा माणसं बारा दिवसांत चर खणत्यात. वीस लावली तर सोळा दिवस लागतील म्हनं!”

“म्हंजे पाच माणसं निस्ती कामावरची फुकट सुकडी खाया आली व्हय?” मालनबाई म्हणाली, आणि आजूबाजूच्या बायाही हसल्या.

माझ्या पोटातली चूक अखेर कुणाला तरी दिसली होती. अयोध्यानं रामलिंगला पान दाखवलं. “भाऊ, ह्ये नऊ पायजे. सरांनी कसं समजावलं?”

रामलिंगनं आपल्या तांबड्या रेघांकडे पाहिलं.  मग खिशातून घडी झिजलेलं पत्र काढून त्यानं तिच्या हातात दिलं. “ऱ्हायलो मी. घरी अजून सांगितलं न्हाय. मागं बसायचो, कायबी ऐकू यायचं न्हाय. पाठ केलं सगळं. आन पेपर एवढा लांब की निम्म्यातच वेळ संपली.”

अयोध्यानं पत्र वाचून तसंच घडी घालून परत दिलं. एवढ्यावर तिचा निर्णय होईल असं मला वाटलं होतं. पण ती म्हणाली, “मागं बसल्यावर ऐकू येत न्हाय, यवढंच कळलं ह्यातनं. पुढं बसलं तर? एकदा जाऊन बघाय पायजे.”

सुट्टीच्या दिवशी मायलेकी मला पिशवीत घालून एसटीनं सोलापूरला गेल्या. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती : ‘हमखास यश’. महांतप्पा सर वर्ग संपवून पाणी पीत होते. अयोध्यानं सतरावं पान पुढं केलं.

“नऊ पाहिजे,” सर न बघताच म्हणाले. “ठाऊक आहे मला. वर्गात सांगतो मी.”

“सगळ्यांस्नी ऐकू जात न्हाय, सर.”

सरांनी रुमालानं तोंड पुसलं. “शंभर पोरं असतात, बाई. एकटा माणूस कुठंकुठं पुरणार?”

मालनबाई पुढं झाली. “सर, माज्या लेकीला नोकरी लागंल का?”

“ते मी कसं सांगू?”

“खाली तर लिव्हलंय.”

लिहिता-वाचता न येणाऱ्या मालनबाईला पाटी अयोध्यानं जिन्यात वाचून दाखवली होती. सरांनी पुढच्या वर्गासाठी खडू उचलला. ते म्हणाले, “दुसरा वर्ग सुरू होतोय. बसा. बघा आणि मग ठरवा.”

दोघी पहिल्या ओळीत बसल्या. सरांनी फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहिला, ‘ड्यू’. एकाच शब्दाचे बँकेच्या पत्रात कसे चार अर्थ होतात, हे ते सांगू लागले. कुठं ‘देणं’, कुठं ‘मुदत भरली’, कुठं ‘अमक्यामुळं’, कुठं ‘रीतसर’. काय सांगायचे सर! मी त्यांच्याच हातून जन्मलेला, पण जिन्याजवळ बसून हा माणूस मला कधी कळलाच नव्हता. यातलं एक अक्षरही माझ्या एकशे बारा पानांत नव्हतं. मला वाचून या वर्गाची परीक्षा करणाऱ्या मुलीला मी फसवत तर नाही ना, या विचारानं मी पिशवीतच कासावीस झालो.

परतीच्या गाडीत अयोध्या खिडकीबाहेरची करपलेली रानं बघत होती. मालनबाई म्हणाली, “मग? इकू का शेळ्या?”

“नगं माय. जे उत्तर मलाच येतंय, त्यापायी शेळ्या कशाला?”

“आन त्यो इंग्लिश शबूद?”

अयोध्यानं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“त्यो सांगताना तू म्होरं सरकून बसलीस. म्या बघितलं.”

“काम सुटंल गं माय,” एवढंच ती म्हणाली.  आबारावांना पत्र टाकलं, त्यांचं कार्ड आलं : ‘तू ठरवशील तसं. काळजी नसावी.’ त्या कार्डानं तिची काळजी दुप्पट झाली.

तिनं वर्ग घेतला नाही.

रोज हजेरी संपली की ती आणि रामलिंग मुरमाच्या ढिगाऱ्यावर बसायचे. रामलिंगच्या मनगटी घड्याळावर वेळ लावायची आणि उदाहरणं सोडवायची. कामावरच्या टोळ्या मोजून मोजून तिनं त्याला त्रैराशिक शिकवलं. उन्हाळा सरता सरता शेळ्या विकाव्याच लागल्या. चाऱ्यापायी, आणि पडत्या भावानं. पैसे ज्वारीत गेले. ज्या दिवशी शेळ्या गेल्या, त्या दिवशी अयोध्यानं मला उघडलंच नाही.

श्रावणात परीक्षा झाली. दिवाळीच्या सुमाराला निकाल आला. रामलिंग पास झाला. अयोध्या गणितात पुष्कळ वर होती, इंग्रजीत राहिली.

गावभर एकच बोलणं. “त्यानं वर्ग केलता म्हणून लागला. हिनं पैसं वाचवलं.”   मालनबाई नुसती भाकरी थापत राहिली, आणि तो आवाज अयोध्याला सहन होईना. ती उठून दारात जायची, पुन्हा आत यायची, मला हातात घ्यायची, पुन्हा फळीवर टाकायची.

रामलिंग पेढे घेऊन आला. खाली मान घालून बसला. “लोकं म्हणतेत, वर्गामुळं झालं.”

“तुमी काय म्हणता?”

“मी गप ऱ्हातो. माझे वडील समद्यांना सांगतेत, पैसे वसूल झाले म्हणून. लई दिवसांनी हसलेत ते. त्यांच्या तोंडावरचं हसू मी कसं पुसू, ताई?”

अयोध्यानं एक पेढा आईच्या हातावर ठेवला, एक स्वतः खाल्ला. “नका पुसू,” ती म्हणाली. “पर ह्यो गठ्ठा आता माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या.”

त्याच आठवड्यात ती एकटीच सोलापूरला गेली. मी पिशवीत होतोच. महांतप्पा सरांना ती म्हणाली, “सर, गणित मला येतं. इंग्रजी येत न्हाय. मला तेवढंच पायजे.”

“तसं तोडून देता येत नाही. वर्ग अख्खाच घ्यावा लागतो.”

तिनं मला सरांच्या मेजावर ठेवलं. “ह्यात तेवीस चुका हायेत. समद्या काढून ठेवल्यात. दर रविवारी येते. गणिताची नवी पानं म्या तपासून देते, छपाईलाबी हात लावते. तुमी मला इंग्रजी शिकवा.”

सर एकेक पान बघत गेले. सतराव्या पानावर थांबले नाहीत; पुढं एक्केचाळिसाव्यावर मात्र बराच वेळ अडले. ती चूक त्यांनाही माहीत नव्हती. मग चष्मा काढून म्हणाले, “रविवारी नऊला या. उशीर चालायचा नाही.”

आठ महिने ती गेली. एकदा एसटी बंद पडली तर ट्रकमध्ये मालनबाईला सोबत बसवून गेली. माझ्या अंगावर लाल शाईच्या खुणा वाढत गेल्या, आणि त्या खुणांवरून सरांनी नवे मेणकागद कोरले. माझ्या देखत नवा गठ्ठा तयार झाला : कोरा, नेटका, एकशे तीस पानांचा, आणि त्यात इंग्रजीची अठरा पानं. सरांनी एक दिवस शिडी लावून जिन्यातली पाटीही उतरवली. नवी लिहायला टाकली की नाही, ते मला कळलं नाही. मला हेवा वाटला का? वाटला. पण इतक्या दिवसांनी पोट हलकं झाल्यासारखंही वाटलं.

चौऱ्याहत्तर साली अयोध्या पास झाली. बँकेच्या भूम गावच्या शाखेत नेमणूक मिळाली. जायच्या दिवशी ती पत्र्याची पेटी भरत होती. मालनबाईनं मला फळीवरून काढून पुढं केलं. “ह्यो न्हाय घेत?”

“नगं माय. लई चुका हायेत त्यात.”

“मग ठीव हितंच,” मालनबाई म्हणाली. “ज्वारीचा डबा लई हालतुया.”

आज मी त्या डब्याखाली आहे. कधीमधी गावातलं कुणी अयोध्याचा पत्ता मागायला येतं. वर्ग लावावा की नाही, हे विचारायचं असतं. मला अजूनही ठाम सांगता येत नाही. वर्ग न घेता ती नापास झाली, वर्ग न घेताच पास झाली, आणि मधल्या काळात शिकली ती वर्गातल्या सरांकडूनच. माझी विनंती एवढीच : माझ्यासारखा गठ्ठा हाती आला तर त्यावरून सरांना जोखू नका, आणि पाटीवरून तर मुळीच नको. आपल्याला नेमकं काय येत नाही, ते आधी शोधा. तेवढ्यासाठी मी जरूर उपयोगी पडतो.

निरोप घेतो. मालनबाई डबा उचलतेय. नवी ज्वारी आलीय.