कानाशी धरलेली चिंधी

"चिंधी आधी कानाशी धर, मग डोळ्यांसमोर. आणि कपडा दुसऱ्याच्या अंगावर चढण्याआधी एकदा आपल्या अंगावर घालून चाल. कबूल?"

"कबूल, सासूबाई."

अकरा वर्षांपूर्वी दिलेला हा शब्द वहिनींना आठवला तो भर बाराच्या ठोक्याला, आणि तोही उशिराच. कारण तोवर झगा नणंदेच्या अंगावर चढला होता, नणंद दोन पावलं चालली होती आणि झगा बोलला होता. कर्र, कर्र. कोणी वर्तमानपत्र पांघरून चालावं तसा.

नाटक कंपनीत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. कपडे रंगवण्याचं काम सासूबाईंकडून त्यांच्याकडे आलं होतं, आणि नणंद चिंगी याच कंपनीत नटी होती. आजवर मागे उभं राहून भाले धरण्यापलीकडे तिची मजल गेली नव्हती. या नाटकात मात्र तिला एक अख्खा प्रवेश मिळाला होता. त्यात ती म्हणजे आग. आंधळ्या राजाच्या पाठीमागून, तोंडातून शब्द न काढता, तिने बारा पावलं चालून पलीकडे जायचं. राजाला चाहूल लागली नाही तरच राजवाडा पेटणार.

"वहिनी, हिला आग म्हणायची की पालापाचोळा?" दारातून दिग्दर्शक म्हणाले. हसले कोणीच नाही, तेही नाही. "पाच वाजता रंगीत तालीम. झगा वाजला तर प्रवेश कापतो. मग माझ्यावर रुसू नका."

"साधा पांढरा घालून चालेन की मी," चिंगी म्हणाली.

"पांढरी आग? लोक म्हणतील, धोब्याकडून पळून आली."

ते गेले. चिंगीने झगा उतरवला आणि घडी करून टेबलावर ठेवला. भांडली असती तर वहिनींना बरं वाटलं असतं.

चूक कुठे झाली ते वहिनींना लख्ख दिसत होतं. दोरीवर रंग पारखायला रंगवलेल्या पाच चिंध्या वाळत होत्या. पाचही त्यांनी दारात उभं राहून, डोळे बारीक करून पाहिल्या होत्या. पातळ रंग मलमलीवर पसरायचा, ज्वाळेची कड म्हणून राहायची नाही. म्हणून त्यांनी रंगात खळ वाढवली. पाचव्या चिंधीवर ज्वाळा सुरीने कापल्यासारखी उमटली. वहिनी खूश! इतकी वर्षं ढोल-ताशांच्या प्रवेशांचे कपडे रंगवले, तिथे कापड वाजलं काय नि न वाजलं काय, कोणाला ऐकू येणार? चिंधी कानाशी धरायची सासूबाईंची सवय म्हणजे म्हातारपणाचा चाळा, असं त्यांनी कधीच मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि घालून चालायचं वचन आज पहिल्यांदा, घाईपोटी, राहून गेलं.

त्यांनी पाचवी चिंधी कानाशी चुरगाळली. कर्र. चौथी, कर्र. पहिली, नुसत्या पातळ रंगाची, गप्प. पण तिच्यावर ज्वाळा कसली, सांडलेल्या चहासारखा डाग.

"शिंपीकाका, दुसरा झगा?"

यंत्रावरून मान न उचलता शिंपीकाका म्हणाले, "हा घ्या. कोरा. आणि याच्यानंतर मागायचा नाही. कापड संपलं, माझे डोळेही संपले."

वहिनींनी मनातल्या मनात हात जोडले. सव्वा वाजला होता. उरलेल्या मलमलीच्या चार पट्ट्या फाडल्या. एकीवर स्पंज दाबला. गप्प राहिली, पण रंग पुरळ उठल्यासारखा दिसला. दुसरीला खळीचा रंग लावून, वाळवून, ती तळहातांत चोळचोळ चोळली. मऊ झाली, पण ज्वाळेला भेगा पडल्या. तिसरी तशीच रंगवून कोमट पाण्यात धुतली. आवाज गेला आणि अर्धा रंगही गेला. अडीच.

चौथ्या पट्टीवर वहिनींनी घाईघाईने पातळ रंग ओतला. रंग जास्त पडला. "गेली ही पण!" म्हणून त्यांनी ती तशीच ओली दोरीवर टाकली आणि कपाळ धरून बसल्या.

"वहिनी," मागून चिंगीचा आवाज आला. ती कधी परत आली कोण जाणे. "ही उलटी बघा ना."

पट्टीवर रंग वरून खाली ओघळत होता. वर रुंद, खाली येता येता निमुळता, टोकाला जेमतेम पिवळा. चिंगीने दोन्ही टोकं धरून पट्टी उलटी केली. कड नव्हती, पण ती ज्वाळाच होती. जिवंत.

"तुला गं कसं सुचलं?"

"सुचलं कुठलं! लहानपणी आई पाटीवर रंग ओघळायला लावायची मला गप्प बसवायला."

पट्टी इस्त्रीखाली वाळली. वहिनींनी ती आधी कानाशी धरली. चुरगाळली, पुन्हा चुरगाळली. मग चिंगीच्या कानाशी धरली.

"काय ऐकू येतं?"

"तुमच्या बांगड्या," चिंगी म्हणाली, आणि दोघी सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

तीन वाजता कोरा झगा ओला करून घेर वर, गळा खाली असा दोरीला टांगला. चूक झाली तर तिसरा नव्हता. चिंगी शिडी धरून उभी राहिली. वहिनी वरून चमच्या-चमच्याने रंग सोडत गेल्या. लाल, मग केशरी, मग पिवळा. एक ओघळ भलताच पुढे धावला, कमरेच्या पार.

"पुसू?" चिंगीने विचारलं.

"हात लावू नकोस. धावू दे त्याला."

पाचला पाच कमी असताना झगा इस्त्रीखालून निघाला, अजून कोमट. चिंगीने हात पुढे केले. वहिनींनी मान हलवली.

"आधी मी. तुझ्या आईला शब्द दिलाय. सकाळी मोडला, त्याचं फळ पाहिलंस."

रंगमंचावर दिग्दर्शक राजाच्या आसनावर पाठमोरे बसले होते. "वहिनी? तुम्ही? वेळ नाहीये हो!"

"बाराच पावलं. तुम्ही डोळे मिटा. ऐकू आलं तर हात वर करा."

"आणि हात वर झाला, तर प्रवेश गेला. मागाहून रडारड नको."

"नको."

वहिनींनी बांगड्या काढून चिंगीच्या हातात दिल्या, चपला विंगेत सोडल्या. चिंगीने बांगड्या मुठीत आवळल्या. सगळं नाट्यगृह चिडीचूप झालं, शिंपीकाकांचं यंत्रसुद्धा.

बराच वेळ गेला.

"अहो, बसलोय ना मी," दिग्दर्शक वैतागून म्हणाले. "निघा की आता!"

त्यांच्या पाठीमागे वहिनींनी पाचवं पाऊल टाकलं.