अकरा नंबरची बाटली

माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बहुतेक वेळा लिपस्टिकचे पट्टे ओढलेले असतात. फुजैल, म्हणजे माझा नवरा, दोह्याला नोकरीला आहे. व्हिडिओ कॉल लागला की तो आधी माझा हात बघतो आणि मग तोंड.

"आज किती? सात?"

"नऊ."

नवातले सात त्याला एकसारखेच दिसतात. विटकरी आणि गेरूतला फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी वाद तरी काय घालायचा?

बाजारात नव्याने येणारा भारीतला मेकअप आणि परफ्यूम लावून बघायचा आणि त्यावर मराठीत लिहायचं, हा माझा उद्योग. आमच्या लाईन आळीतल्या बायकांना वाटतं की मी काहीतरी विकते. काही विकत नाही म्हटलं की त्यांचा माझ्यातला रस संपतो. मी मॉलमधल्या काउंटरवर जाते, नवीन काय आलंय ते हातावर, गालावर लावून घेते आणि दिवसभर तसंच ठेवते. संध्याकाळपर्यंत पावडर कुठे फाटली, लिपस्टिक कुठे चहाच्या कपाला गेली, हे खरं खरं लिहिते. पनवेलच्या दमट हवेत जे टिकलं ते कुठेही टिकेल, असं माझं मत आहे.

परफ्यूमच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. एका दिवसाला एकच वास. आधी आंघोळ, तीही वास नसलेल्या साबणाने, आणि मग मनगटावर एक थेंब. पहिल्या पाच मिनिटांत काय आलं, दुपारी काय झालं, रात्री काय उरलं, हे वहीत लिहायचं. चांगलं परफ्यूम दिवसभर बदलत राहतं, आणि खरी ओळख पटते ती शेवटी जे उरतं त्यावरून. असे तीन दिवस झाल्याशिवाय मी एक ओळसुद्धा छापत नाही.

या कडकपणाचं फळ मला दोन वर्षांनी मिळालं. फ्रान्समधलं एक मोठं परफ्यूमचं घराणं पहिल्यांदाच तेलातलं अत्तर काढत होतं, स्पिरिटचा थेंबही नसलेलं. बाजारात येण्याआधी ते देशातल्या बारा जणांना मिळणार होतं आणि त्यात माझं नाव होतं. मुंबईच्या एजन्सीतली मोनाली फोनवर म्हणाली, "मराठीत लिहिणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत लेख हवा. स्वतःच्या अंगावर लावून, बरं का. यावेळी नीट झालं तर तुमचं नाव कायम यादीत राहील."

सोमवारी बाटली आली. बोटाएवढी, काचेच्या काडीचं झाकण, वर नाव नाही की लेबल नाही. तळाला फक्त अकरा हा आकडा. नाव गुप्त ठेवायचं होतं ना! सोबत पाकिटात एक कागद होता, आत कोणकोणते वास आहेत ते सांगणारा. मंगळवारपासून लावायचं, असं ठरवून मी बाटली शोकेसमध्ये ठेवली. मंगळवारी सर्दी झाली, नाक बंद. म्हटलं, बुधवारी लावू. बुधवारी मुंबईत एका काउंटरवर नव्या लिपस्टिकचा कार्यक्रम होता, आणि तिथे हवेतच पन्नास वास असतात. मग म्हटलं, गुरुवार-शुक्रवार दोन दिवस मिळतील. तीन दिवसांचा नियम पहिल्यांदाच मोडत होते. झाकणही न उघडता मी गेले.

त्याच बुधवारी दुपारी आमच्या घरी बायकांचा मिलाद होता, पैगंबरांच्या जन्माचा. दर वर्षी असतो. किताब वाचतात, नात म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीची गीतं म्हणतात, शेवटी शिरणी, म्हणजे गोड खाऊ, वाटतात आणि प्रत्येकीच्या हाताला अत्तर लावतात. ते अत्तर फुजैल कुणाच्या तरी हाती दोह्याहून पाठवतो. सगळं करणाऱ्या माझ्या सासूबाई, दिलशाद. मी त्यांना अम्मी म्हणते. "तू जा गो, मी आहे," असं त्या म्हणाल्या आणि मी लगेच गेले. सुनेने अशा दिवशी घरी थांबायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

अम्मींबद्दल एक सांगायला हवं. माझे सासरे, दाऊद, दोन वर्षांपूर्वी गेले. इद्दतीचे, म्हणजे नवरा गेल्यानंतरचे, चार महिने दहा दिवस बाईने सुगंध लावायचा नसतो. ते दिवस संपले तेव्हा मोहल्ल्यातल्या बायका अत्तर घेऊन आल्या, पण अम्मींनी हात मागे घेतला. तेव्हापासून साधं टाल्कमसुद्धा त्यांच्या अंगाला लागलेलं नाही. माझ्या कपाटात साठेक बाटल्या, आणि शेजारच्या खोलीत ही बाई. मी कधी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

बुधवारी संध्याकाळी परत आले तेव्हा जिन्यातच मला वास आला. मी थांबले. ओळखीचा नव्हता. कुणीतरी फार उंची काहीतरी लावून आलं होतं आणि नुकतंच गेलं होतं. कोण बरं असेल, अशा कौतुकातच मी उरलेल्या पायऱ्या चढले. दार उघडलं, तर टेबलावर, शिरणीच्या रिकाम्या ताटाशेजारी, अकरा नंबरची बाटली. कोरडी ठणठणीत.

"फुजैलचं अत्तर यंदा भारी होतं गो," अम्मी खुशीत म्हणाल्या. "बाया हात सोडत नव्हत्या. तीस जणींना पुरलं, अल्लाची बरकत."

"अम्मी, ते फुजैलचं नव्हतं! ते माझं काम होतं. विचारायचं तरी!"

माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. अम्मींचा चेहरा पडला. "बाटलीवर नाव नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या. मी दार लावून घेतलं. फुजैलचा माणूस अजून विमानातही बसलेला नव्हता, हे नंतर कळलं. त्यांची काय चूक? दर वर्षी अत्तर असंच येतं, बिननावाच्या छोट्या बाटलीत. पण तेव्हा मला फक्त यादीतलं माझं नाव पुसलेलं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोनालीला फोन केला, आडून आडून विचारलं. दुसरी बाटली नव्हती. मग मी पाकिटातला कागद काढला. संत्र्याची साल, केशर, चंदन, वगैरे. त्यावरून लेख पाडता आला असता. लोक पाडतातच. चार ओळी लिहिल्यासुद्धा, छान जमल्या होत्या. वाचल्या आणि खोडल्या. मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात खालून हाक आली. चंद्रावती, आमच्या शेजारीण. त्यांची बाजारात सुक्या मासळीची टोपली असते, आणि मिलादला शिरणी घ्यायला त्या दर वर्षी येतात.

"फरहा! तुज्या सासूनं काय लावलं गो माज्या हाताला? काल सांजच्यापास्नं सुकटीपुढं बसलंय मी, तरी वास जात नाय! गिऱ्हाईक इचारतंय, मावशी, सुकट हाय का गुलाब हाय?"

मी तशीच खाली धावले. "मावशी, हात द्या."

हात धुतलेला होता, पण काल तो त्यांनी पदराला पुसला होता. मी भर रस्त्यात त्यांच्या पदराला नाक लावलं. वरून सुकटीचा खारट वास, आणि त्याच्या खाली शांत बसलेलं केशर. खारं आणि केशर! असं कुठल्याही कागदात लिहिलेलं नव्हतं.

"नाय, बरी हायेस ना?" चंद्रावतींनी विचारलं.

मी बरी होते. मला काम सापडलं होतं. बाटली रिकामी होती, पण अत्तर तीस जणींच्या अंगावर पनवेलभर फिरत होतं. वही घेतली आणि निघाले. मिरची गल्लीत दोन घरी गेले. एकीचा दुपट्टा धुवायला पडला होता, दुसरीचा दोरीवर वाळत होता. रिक्षाने रोडपालीला गेले, अरीबाकडे. ती कॉलेजात आहे, मिलादला नात तिनेच म्हटली होती. तिने त्या अत्तरावर वरून बॉडी स्प्रे मारला होता.

"दीदी, मला वाटलं थोडं वाढेल," ती म्हणाली. त्या पोरीच्या मनगटाला आता स्ट्रॉबेरीशिवाय कशाचाही वास येत नव्हता. मी वहीत तेही लिहिलं.

संध्याकाळपर्यंत मला मधलं सगळं मिळालं होतं. सुरुवात मिळत नव्हती आणि शेवट मिळत नव्हता. सुरुवात उघडताना असते, आणि उघडलं होतं एकाच माणसाने. तिच्याशी मी कालपासून धड बोलले नव्हते.

शुक्रवारी सकाळी मी धुण्याचे कपडे वेगळे करत होते. सवयीने प्रत्येक कपडा नाकाशी जात होता. ढिगात अम्मींची पांढरी ओढणी होती, नमाजची. ती मी हुंगलीसुद्धा नसती. या घरात तेवढा एकच कपडा असा होता की ज्याला कशाचाच वास नसायचा. पण ती मशीनमध्ये टाकता टाकता माझा हात थांबला. कानाजवळ येते त्या भागाला वास होता. केशर गेलेलं, संत्र्याची साल गेलेली. फक्त उबदार लाकूड आणि किंचित काहीतरी कडवट, आत खोल.

ओढणी घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. अम्मी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ओढणी बघितली, मला बघितलं, आणि पोरीसारख्या लाजल्या.

"थेंबभर उरला होता," त्या म्हणाल्या. "फेकायचा कुठे?"

"अम्मी, कसा होता? पहिल्यापासून सांगा."

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले, वही मांडीवर. आधी त्या नाही नाही म्हणाल्या. मग बोलायला लागल्या आणि तांदूळ बाजूला राहिले.

"झाकण काढलं तर असा तिखट, आंबट. ईदला संत्री सोलतो नं आपण, तो. डोळ्यांत पाणी आलं. मग बाया आल्या, गडबड झाली, इसरले. दुपार कलताना असरच्या नमाजला बसले तर गोड झालेला. शिरखुर्म्यात केशर पडतं तसा. आणि पहाटे फजरच्या नमाजला उठले…" त्यांनी माझ्या हातातली ओढणी घेतली. "फजरला उठले तर शेजारी फुजैलचे अब्बा असल्यासारखं वाटलं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजला जाताना ते अत्तराचा फाया कानात ठेवायचे. बोटाला उरलेलं माझ्या मनगटाला पुसायचे. चाळीस वर्षं. सकाळी तोच वास यायचा गो. मी उशीत तोंड घालून पडून राहिले. नमाजला उशीर झाला."

मला रडू आलं. परवा मी या बाईवर ओरडले होते. "माफ करा, अम्मी," मी म्हणाले. त्यांनी तांदळाचं ताट परत ओढलं आणि म्हणाल्या, "लिव, लिव. तुझी वेळ जाईल."

लेख मी साडेपाचला पाठवला. खरं तेच लिहिलं. हे अत्तर मी लावलेलं नाही. ते माझ्या सासूने दोन वर्षांनी लावलं, आणि ही तिची साक्ष आहे. सुकट लिहिली, स्ट्रॉबेरी लिहिली. फजर लिहिली, अम्मींना विचारून.

मोनालीचं उत्तर शनिवारी आलं. लेख फार आवडला, ती स्वतः रडली. पण नियम तो नियम. स्वतःच्या अंगावर लावलेलं नसल्यामुळे लेख घेता येणार नाही, आणि यादीतली जागा दुसऱ्या कुणाला दिली आहे. मला वाईट वाटलं. खूप वाटलं, खोटं कशाला सांगू? दोन दिवस मी लिपस्टिकच्या एकाही डबीला हात लावला नाही. फुजैलने व्हिडिओवर माझा कोरा हात बघितला आणि तो पहिल्यांदाच घाबरला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी एक नवीन परफ्यूम घेऊन बसले होते. वास नसलेल्या साबणाची आंघोळ झाली होती, वहीवर तारीख घातली होती. इतक्यात अम्मी दारात आल्या. न्हाऊन, पांढरी ओढणी घेऊन. हातात फुजैलच्या अत्तराची बाटली होती, अखेर पोचलेली.

"यात शेवटी कसा वास उरेल गो?" त्यांनी विचारलं. "तुला कळतं नं?"

मी झाकणाची काडी हुंगली. "चंदन उरेल, अम्मी. बराचसा तसाच."

त्यांनी कापसाचा लहानसा फाया केला, अत्तरात बुडवला आणि कानात ठेवला. मग बोटाकडे बघत क्षणभर उभ्या राहिल्या. बोटाला अत्तर उरलं होतं. माझ्या अंगावर आज दुसरं काहीही लागता कामा नये, हे त्यांना माहीत नव्हतं.

मी वही मिटली आणि हात पुढे केला. त्यांनी ते बोट माझ्या मनगटाला पुसलं.