आर्याच्या आईसाठी

लग्नाला बरीच वर्षं होऊनही पॉलिन आणि फर्डिनंडच्या घरात मूल नव्हतं. भुईगावात त्यांची केळीची वाडी होती. एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर फादरांनी दोघांना थांबवून घेतलं.

तुळिंजच्या चाळीत राहणाऱ्या आशालताला टीबी झाला होता. नवरा सोडून गेलेला, नातलग पुढे येईनात. ती बरी होईपर्यंत तिच्या दोन वर्षांच्या आर्याला कोणीतरी सांभाळायला हवं होतं.

"दत्तक नाही हं," फादर म्हणाले. "आई बरी झाली की परत द्यायची. जमेल?"

फर्डिनंडने पॉलिनकडे पाहिलं. पॉलिन म्हणाली, "देव ठेवील तेवढे दिवस."

रीतसर परवानगी मिळाली आणि आर्या आली. शेजारच्या मर्सीने फ्रॉक शिवले. गोवर आला तेव्हा शेजारच्याच स्टॅनीने भर पावसात स्कूटरवरून डॉक्टर आणला. आळीतल्या बायका आळीपाळीने तिच्याजवळ बसल्या. सासूबाईंनी एकदा विचारलं, "पोरीचा बाप्तिस्मा कधी करायचा?"

"ते तिच्या आईने ठरवायचं, माय," पॉलिन म्हणाली.

रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की पॉलिन मुलीला मांडीवर घेऊन म्हणायची, "देवा, आर्याच्या आईला बरी कर." आर्या बोबड्या बोलात मागोमाग म्हणायची. आशालताची औषधं लागू पडेनात, उपचार लांबत गेले. मुलगी बालवाडीत जाऊ लागली. 'मावशी' म्हणायला शिकवलेलं पोर तापात असलं की पॉलिनला 'आई' म्हणायचं, आणि पॉलिन ओ द्यायची.

मग आशालताकडे जाऊन येणाऱ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी निरोप आणला की, ती सुधारतेय, वजन वाढतंय. त्या संध्याकाळी रोझरी संपली आणि पॉलिन तशीच उठू लागली. आर्याने तिचा पदर ओढला.

"मावशी, आईचं ऱ्हायलं."

पॉलिन पुन्हा बसली. शब्द तोंडातून फुटेनात. शेवटी मुलीने एकटीनेच प्रार्थना म्हटली.

आशालता न्यायला आली ती सिस्टरांबरोबर. अंगाने काटकुळी, हातात नवी बाहुली. आर्या फर्डिनंडच्या पायांमागे लपली. आशालताने बाहुली पुढे केली, तशी ती जोरात रडू लागली. आशालताचा चेहरा पडला. ते पॉलिनला बघवेना. तिने मुलीला उचललं, गळ्यातली मिठी एकेक बोट करून सोडवली आणि तिला आशालताच्या हातात दिलं.

"तुझ्यासाठीच ती रोज देवाकडे मागायची गं," ती आशालताला म्हणाली. "तुझी आहे ती."

रिक्षा वळणाआड गेली तरी हाक ऐकू येत होती. ती 'मावशी' नव्हती.

त्या आठवड्यात शेजाऱ्यांनी डबे आणले, मयताच्या घरी आणतात तसे. बायका जवळ बसून रोझरी म्हणत. पॉलिन ओठ हलवी, पण आवाज येत नसे. फर्डिनंड वाडीत जाऊन रडून येई आणि डोळ्यांत माती गेली म्हणे. आशालताने सिस्टरांकडून कळवलं की, आर्या जेवत नाही, सारखी रडते, थोडे दिवस तुम्ही येऊ नका. ते गेले नाहीत.

पुढच्या नाताळाआधी पॉलिन खरेदीसाठी तुळिंजच्या बाजारात गेली, तेव्हा आशालता समोर आली. बोटाला धरलेली आर्या, शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घातलेली.

"आर्या, बघ कोण आलीय, मावशी!"

मुलीने पॉलिनकडे नवख्या बाईकडे बघावं तसं पाहिलं आणि आईच्या साडीत तोंड लपवलं.

"उंच झाली," पॉलिन म्हणाली. "जेवते ना नीट?"

"हो. आता माझ्याच हातचं लागतं तिला." आशालता हसली, मग ओशाळली.

"बरं झालं," पॉलिन म्हणाली. तिने मुलीच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

घरी येऊन तिने आर्या भेटल्याचं सांगितलं. फर्डिनंडने खुर्चीतून उठत विचारलं, "ओळखलं तिने?"

"हो," पॉलिन म्हणाली, आणि पिशवी घेऊन आत गेली.